दोन महिन्यांचं गावठी पिल्लू, संध्याकाळचा धुडगूस आणि पातळ शी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर घर, वर थेट गच्ची. चार दिवसांपूर्वी विजापूर रोडच्या कडेला सापडलेलं गावठी पिल्लू घरी आणलंय. दोन महिन्यांचं असावं, वजन तीन किलोच्या आसपास. दूध-चपाती खातंय, शी पातळ होतेय. दिवसभर बरं असतं, पण संध्याकाळी सात वाजले की घरभर सुसाट पळतं, पायजम्याला लोंबकळतं, आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर सुईसारख्या टोकदार दातांचे ओरखडे आलेत. रात्री रडतं. शेजारी सांगतात, गच्चीवर सोडा किंवा रोज दोन किलोमीटर पळवा, दमलं की गप्प बसेल. तुमचा सवाल आहे, ही एनर्जी जिरवायची कशी?

पळवून जिरवू नका, एवढं आधी सांगतो. तुम्ही चार तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात, पण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पोट बिघडलंय, अन्न त्याच्या वयाला पुरत नाही आणि झोप मोडतेय. अशा पिल्लाचा दंगा हा बहुतेक वेळा थकव्याचा दंगा असतो. लस न झालेलं पिल्लू रस्त्यावर पळवलं, तर दंगा कमी होईल की नाही ते पुढचं, पण जिवावरचा आजार घरी येण्याची वाट मात्र मोकळी होते.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. खरं वय किती, पिल्लाच्या आईला लस झाली होती का (रस्त्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत 'नाही' असंच धरून चालावं), पोटात जंतच आहेत की आणखी काही, हे पशुवैद्यानेच हात लावून ठरवायचं. वयाचा अंदाज दातांवरून येतो. दुधाचे सगळे २८ दात सहा ते आठ आठवड्यांत येतात आणि पुढचे पक्के दात साधारण साडेतीन-चार महिन्यांनी दिसायला लागतात. तुमच्या वर्णनातले सुईसारखे टोकदार दात दुधाचेच आहेत, त्यामुळे दोन महिन्यांचा अंदाज पटण्यासारखा आहे. खालचे आकडे त्या वयाचे आणि तीन किलो वजनाचे धरून दिलेत.

सुरुवात मुलाच्या हातापासून करू, कारण तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. एवढ्याशा पिल्लाला रेबीज कसा असेल, असं बरेच लोक म्हणतात. असू शकतो. लसीकरण न झालेल्या, आई माहीत नसलेल्या पिल्लाचे दात कातडीला लागले असतील तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. आपल्याकडे हळद, चुना, तिखट भरायची पद्धत आहे, त्यातलं काहीही लावू नका. त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्या, चार दिवस झाले असतील तरी आज न्या. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मिळते. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर लसीचे डोस लागतात. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांना नेमकं काय झालं ते सांगा. पिल्लू दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचं वेळापत्रक डॉक्टर बदलू शकतात, पण दहा दिवस बघू आणि मग ठरवू, असं करायचं नसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही.

आता पोट. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात जंत असतातच, असं धरूनच आम्ही चालतो. गोल जंत आईच्या पोटातच, नाळेतून पिल्लात येतात. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पोट ढोल, बरगड्या मात्र दिसतात, केस रुक्ष, शी कधी पातळ तर कधी चिकट, क्वचित शीत किंवा उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत, असं चित्र असतं. हिरड्या फिक्या गुलाबी किंवा पांढरट दिसल्या तर अंकुशकृमींनी रक्त कमी केलेलं असू शकतं. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, म्हणून आधी वजन करा. पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक काढा. मेडिकलमधून माणसांची गोळी आणून अर्धी-पाव करू नका. डोस कमी पडला तर जंत राहतात, जास्त झाला तर आधीच अशक्त असलेलं पिल्लू कोलमडतं. आणि एकदा औषध दिलं की काम संपलं, असंही नाही. औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतं, शरीरात फिरत असलेल्या अळ्या मागे उरतात आणि दोन आठवड्यांत त्याच मोठ्या होतात. म्हणून तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध द्यायचं. हे जंत लहान मुलांनाही बाधतात. पिल्लाची शी लगेच उचला आणि जेवणाआधी मुलाला हात धुवायला लावा.

औषधानंतरही पाच-सहा दिवसांत शी घट्ट झाली नाही तर शीची तपासणी करून घ्या. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे सूक्ष्म जीव नेहमीच्या जंताच्या डोसने हमखास जात नाहीत, त्यांची औषधं वेगळी आहेत. तोवर दूध पूर्ण बंद. दूध सोडवलेल्या पिल्लाला गायी-म्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. सोलापूरच्या उन्हात पातळ शीने अंगातलं पाणी किती लवकर कमी होतं, ते लोकांच्या लक्षात येत नाही. पोट ठीक नसताना शिजवलेला मऊ भात, उकडून कुस्करलेलं चिकन किंवा अंडं, वर दोन चमचे ताजं दही, असं थोडं थोडं दिवसातून पाच वेळा दोन-तीन दिवस द्या. हे आजारपणातलं जेवण आहे, रोजचं नव्हे. रोजच्या जेवणाचं पुढे बोलतो.

लसीकडे वळू. सर्वांत मोठी भीती पार्व्होची. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, चपलेच्या तळव्याला लागून दुसऱ्या मजल्यावर चढतो आणि लस न झालेल्या पिल्लाचं आतडं दोन-तीन दिवसांत सोलून काढतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे लागतात. म्हणून आणल्यावर चार दिवस छान होतं, मग अचानक झोपून राहिलं, असं वारंवार ऐकू येतं. ते रस्त्यावरूनच आजार घेऊन आलेलं असतं. तुमच्या पिल्लाचेही हेच दिवस चालू आहेत, त्यामुळे खाणं आणि शी रोज बारकाईने बघा.

आमच्याकडे नेहमी विचारतात, तीन-तीन डोस कशाला, एकच जोरदार डोस देता येत नाही का? कारण असं आहे. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, ते लसीलाही निष्प्रभ करतं. ते सहाव्या आठवड्यात ओसरेल की चौदाव्या, हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं आणि वरून बघून कळत नाही. ते टिकून असताना दिलेली लस लागू पडत नाही, ओसरल्यावर पिल्लू उघडं पडतं. म्हणून आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं बघायचं. तुमच्या पिल्लाचा पहिला डोस आता, दुसरा तीन महिन्यांच्या सुमारास, तिसरा चार महिन्यांवर. त्या एकाच लसीत डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि लेप्टोस्पायरा या आजारांपासूनचं संरक्षण येतं. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. शेवटच्या डोसनंतर आणखी दोन आठवडे जाऊ द्या, मग रस्त्यावर खाली सोडा.

ताप असेल, जुलाब जोरात असतील तर पशुवैद्य लस पुढे ढकलतील, ते योग्यच आहे. नुसती थोडी पातळ शी असेल आणि पिल्लू खेळतंय-खातंय, तर लस टाळायचं कारण नसतं. आणखी एक, आपल्या हवेपुरतं. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. दुकानातून स्वतः लस विकत घेऊन, एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत टाकून दवाखान्यात नेऊ नका. ती वाटेतच निकामी होऊ शकते आणि कार्डावर मात्र डोस झाल्याची नोंद राहते. जिथे फ्रिजमधून काढून तिथेच टोचतात, तिथे जा. बाटलीचं स्टिकर कार्डावर लावून घ्या.

घर पुसायला फिनाईल वापरता, पण पार्व्होवर त्याचा भरवसा नाही. घराजवळ किंवा इमारतीत पार्व्होने कुत्रं गेलं असेल तर घरातलं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग घेऊन जिना आणि दारासमोरची फरशी पुसा. द्रावण दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून काढा. तेवढा वेळ पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवा. बाहेरच्या चपला दाराबाहेरच.

आता जेवण, आणि इथे जरा हिशेब करावा लागेल. दोन महिन्यांच्या, तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ४८० कॅलरी लागतात. विश्रांतीसाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या तिप्पट, असा तो आकडा येतो, म्हणजे वजनाच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या कितीतरी जास्त. तीन चपात्या आणि तीनशे मिली दूध दिलंत तर कॅलरी जवळपास भरतात. पोट भरतं, पिल्लू गप्प बसतं, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक चाललंय. पण त्याच जेवणात त्याला लागणाऱ्या कॅल्शियमचा एक तृतीयांशही भाग नसतो, प्रथिनं गरजेच्या दोन तृतीयांशांच्या आसपास असतात. दीड-दोन महिने असं चाललं की पुढचे पाय कमानीसारखे वाकतात, पंजे पसरतात, पिल्लू उडी मारायला कचरतं, उचललं की केकाटतं. ज्वारीची भाकरी दिली तरी फरक पडत नाही. भाकरी चांगलीच आहे, पण तिच्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. नुसतं चिकन-भात देणाऱ्यांचंही असंच होतं, मांसातही कॅल्शियम नसल्यात जमा.

म्हणून माझा आग्रह असा, की निदान पहिले सहा-आठ महिने जेवणाचा मोठा भाग पिल्लांसाठी बनवलेल्या कोरड्या खाद्याचा असावा. आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या खाद्याला पेडिग्री म्हणतात. कंपनी कोणतीही घ्या, पाकिटावर ते पिल्लांसाठी आहे असं लिहिलेलं बघा आणि सुटं, उघड्या पोत्यातलं घेऊ नका. १०० ग्रॅम खाद्यात साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला पूर्णपणे याच खाद्यावर ठेवलं तर दिवसाला १२० ते १३५ ग्रॅम. चार वेळा वाटून द्या: सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री साडेआठ. एकदा किचनच्या काट्यावर तीस ग्रॅम मोजा, कोणत्या वाटीत किती भरतं ते बघून ठेवा, मग रोज मोजायची गरज नाही. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून दिलं की लहान दातांना सोपं जातं आणि पोटात पाणीही जातं. भिजवलेलं खाद्य उन्हाळ्यात अर्ध्या तासाहून जास्त उघडं ठेवू नका, आंबतं. एकदम बदल नको. पोट सावरल्यावर सात दिवसांत हळूहळू जुनं कमी करत नवीन वाढवा.

सगळं खाद्य विकतचं परवडत नसेल तर निम्म्या कॅलरी त्यातून आणि निम्म्या घरच्या जेवणातून, असंही चालतं. दिवसाला ६५ ग्रॅम कोरडं खाद्य, एक उकडलेलं अंडं, साठ ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन किंवा तेवढंच पनीर, एक छोटी वाटी भात किंवा पाव भाकरी कुस्करून, एक चमचा उकडलेला लाल भोपळा. मीठ-तिखट-फोडणी काही नाही. यात कॅल्शियम कमी पडतं, ते भरून काढायला कॅल्शियम-फॉस्फरसचं पूरक औषध पशुवैद्यांनी वजन बघून लिहून द्यावं. अंड्याच्या टरफलाच्या पुडीचा उपाय लोक सांगतात. तिच्यात कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस नाही, त्यामुळे तोल दुसऱ्या बाजूला जातो. आणि जे पिल्लू पूर्ण कोरड्या खाद्यावर आहे त्याला वरून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, विशेषतः लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांना. जास्तीच्या कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते.

दर रविवारी वजन करा आणि वाढलेल्या वजनाप्रमाणे खाद्य वाढवा. पाच किलोचं झालं आणि अजून चार महिन्यांच्या आत असेल तर गरज सातशे कॅलरींवर जाते. चार महिन्यांनंतर वजनाच्या मानाने गरज कमी होते, तेव्हा तिन्हीत्रिकाळ वाटी भरत राहिलं तर पिल्लू गोल व्हायला लागतं. हाताने बरगड्या जाणवाव्यात, डोळ्यांना ठळक दिसू नयेत, ही चाचणी कोणत्याही तक्त्यापेक्षा विश्वासाची. तीन महिन्यांनंतर दिवसाला तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा.

आपल्या घरांत काही गोष्टी हाताशी पडलेल्या असतात, त्या पिल्लाच्या तोंडी जाऊ नयेत. शेंगा चटणी पाहुण्यांसमोर ठेवलेली असते, तिच्यात लसूण, तिखट आणि मीठ तिन्ही. कांदा कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मटणाच्या रश्श्यात बुडवलेली भाकरी म्हणजे कांदा-लसणाचाच घास. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि आपल्या भागात द्राक्षाच्या दिवसांत प्रत्येक घरात पेटी असते. चॉकलेट नको. शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन मुळीच देऊ नका. कडक भाकरीचा बिनमिठाचा तुकडा चघळायला दिला तर हरकत नाही, पण तो खाऊ म्हणून, जेवण म्हणून नव्हे.

आता तुमचा मूळ प्रश्न, एनर्जी. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसाला अठरा ते वीस तास झोपलं पाहिजे. तुमच्या घरी ते किती झोपतं, एक दिवस लिहून बघा. आई-बाबा कामावरून येतात, मुलगा शाळेतून येतो, शेजारची मुलं पिल्लू बघायला येतात, टीव्ही चालू, सगळ्यांच्या मांडीवरून फिरणं चालू. संध्याकाळी सातपर्यंत ते चार-पाच तास धड झोपलेलं नसतं. पेंगुळलेलं तान्हं मूल जसं झोपायच्या ऐवजी किरकिर करतं, तसंच हे चावतं आणि पळतं. अशा वेळी आणखी खेळवलं तर ते आणखी भडकतं, शांत होत नाही.

बसवायचा नेम सोपा आहे. एक तास जागं, दीड-दोन तास झोप. जागं झालं की लगेच शू-शीच्या जागी न्यायचं, मग खाणं किंवा पाच-दहा मिनिटं खेळ, पुन्हा शू, मग शांत जागा. ही जागा ठरलेली हवी: खाटेखालचा कोपरा, जाळीचा क्रेट किंवा दाराला आडवी फळी लावलेली छोटी खोली. तिथे असताना त्याला कोणी उचलायचं नाही, हा नियम आठ वर्षांच्या मुलाला आधी समजावा. विशेष म्हणजे संध्याकाळी साडेपाच ते सात ही झोप चुकवू नका. ती मिळाली की सातचा धुडगूस बऱ्याच पिल्लांत आठवड्याभरात उतरतो. पाच मिनिटं गोल गोल सुसाट पळणं तरीही राहील, ते वयच तसं आहे आणि त्यात काळजीचं काही नाही. घसरती फरशी असेल तर तेवढ्या जागेत जाजम टाका.

दमवायचं असेल तर डोकं आणि नाक दमवा. जेवणातलं निम्मं कोरडं खाद्य जाजमावर पसरा आणि शोधून खाऊ द्या. एक-एक दाणा देऊन 'बस', 'ये', 'सोड' शिकवा, एका वेळी तीन मिनिटं. दहा मिनिटांच्या या कामाने ते जितकं शांत होतं तितकं अर्धा तास चेंडूमागे पळून होत नाही. पळवायचं नाही, याचं आणखी एक कारण हाडांचं. वाढीच्या टोकांवरचं कूर्चेसारखं मऊ हाड अजून पक्कं झालेलं नाही, त्यात दूध-चपातीमुळे कॅल्शियम कमी. गाडीमागे, सायकलमागे पळवणं किंवा जिने चढवणं-उतरवणं नको. जिन्यावरून उचलून न्या.

चावण्याचं. हाताला दात लागले की खेळ तिथेच थांबवा, हात ओढून न घेता स्थिर ठेवा (ओढला की ते झेपावतं), उठून पंधरा-वीस सेकंद पाठ करा, मग परत येऊन तोंडात खेळणं द्या. घरातल्या सगळ्यांनी दर वेळी हेच करायचं. एकाने थांबवायचं आणि दुसऱ्याने हाताने झटापट खेळायची, असं झालं तर ते कधीच शिकत नाही. थोबाडीत मारणं, तोंड दाबून धरणं, शूमध्ये नाक घासणं यातलं काही नको. त्याने ते हाताला घाबरायला शिकतं, आणि हाताला घाबरणारं कुत्रं मोठेपणी खरं चावतं. दात शिवशिवतात तेव्हा फ्रिजमधलं थंड, जाड गाजर समोर बसून द्या.

जुनी चादर किंवा टॉवेल चघळायला देऊ नका, हे सोलापूरकरांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरोघरी ते असतात. चादरीच्या दशा आणि टर्किश टॉवेलचे धागे पिल्लू गिळतं. लांब धागा आतड्यात एका टोकाला अडकला की आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा शीच्या जागेतून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या. अंथरायला चादर द्या, पण दशा कापून, कडा दुमडून शिवून.

रात्रीचं रडणं हे एकटेपणाचं आहे. चार दिवसांपूर्वी ते भावंडांच्या उबेत झोपत होतं. पहिले पंधरा दिवस त्याची जागा तुमच्या खाटेशेजारी ठेवा, हात खाली सोडला की लागेल इतकी जवळ. लाड होतील ही भीती नको, नंतर जागा हळूहळू सरकवता येते. या वयात लघवी सलग तीन तासच धरता येते, म्हणून अकराला एकदा आणि पहाटे दोन-अडीचला एकदा शूला न्या, बोलू-खेळू नका, परत झोपवा.

गच्चीवर सोडायचा सल्ला मनातून काढून टाका. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना आपल्या गच्चीची फरशी रात्री नऊलाही तापलेली असते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर पंजेही भाजतात. शिवाय कठड्याच्या फटीतून एवढं पिल्लू सहज निसटतं. घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. आपली हवा कोरडी असल्याने साधा कूलरही चांगलं काम करतो. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून आपण साठवून वापरतो, पण पिल्लाच्या भांड्यातलं पाणी दिवसातून तीनदा बदला, भांडं रोज घासा. जोरजोराची धाप, लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं ही उष्माघाताची लक्षणं. नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा, पंजे भिजवा, पंखा लावा आणि निघा. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीखालच्या नसा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

लसी पूर्ण होईपर्यंत जग दाखवायचं ते कडेवरून. साधारण चौदा आठवड्यांच्या वयापर्यंत जे बघितलं-ऐकलं ते पिल्लू सहज स्वीकारतं, नंतर नव्या गोष्टीला बिचकतं. म्हणून लस होईपर्यंत चार भिंतींत कोंडूनही ठेवू नका. सकाळी सातच्या आत पिशवीत किंवा कडेवर घेऊन दहा मिनिटं फिरवा. रिक्षा, हॉर्न, कुकरची शिट्टी, जमलं तर यंत्रमागाची खडखड, सगळं लांबून आणि खाऊ देत देत. गणपतीच्या मिरवणुकीतले ताशे आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेतलं शोभेचं दारूकाम पुढे येणारच आहे. आता सवय झाली तर तेव्हा खाटेखाली थरथरत बसणार नाही.

गोचीड. कान, बोटांच्या बेचक्या, मानेखाली रोज चाचपडा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल लावू नका, जनावरांच्या गोठ्यातलं फवारणीचं औषध तर अजिबातच नको, एवढ्या वयात त्याने झटके येतात. गोचीड आयुष्याचा बराच काळ भिंतीच्या फटीत, चौकटीमागे काढते आणि एक मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे पिल्लाबरोबर घरातल्या फटीही साफ कराव्या लागतात. अंगावर टाकायचं किंवा खायचं कोणतं औषध चालेल ते वय आणि वजन बघून पशुवैद्य ठरवतील. बरीच औषधं आठ आठवडे आणि दोन किलोंनंतरच चालतात.

सकाळपर्यंत थांबायचं नाही, अशा वेळा सांगून ठेवतो. दोन जेवणं ओळीने सोडली. उलट्या दोन-तीनदा झाल्या. शीत रक्त आहे किंवा कुजका उग्र वास येतोय. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. पिल्लू लुळं पडलं किंवा झटका आला तर बोटाने हिरड्यांवर साखरेचं घट्ट पाणी किंवा मध चोळा, कारण या वयात उपाशी राहिल्याने रक्तातली साखर पटकन उतरते, आणि तसंच दवाखान्याकडे निघा. उलट्या होत असताना तोंडाने पाणी किंवा ओआरएस जबरदस्तीने पाजू नका, श्वासनळीत जातं. त्याला सलाईनच लागतं.

आता दवाखान्यात जाताना सकाळची ताजी शी छोट्या डबीत घ्या, वजन आणि चार दिवसांत काय काय खाल्लं ते कागदावर लिहा. आणि तिथे पोचल्यावर पिल्लाला फरशीवर किंवा बाकाखाली सोडू नका. आजारी कुत्री तिथेच येऊन बसलेली असतात. नंबर येईपर्यंत मांडीवरच धरा आणि टेबलावर ठेवण्याआधी टेबल पुसून मागा.